उंच माणसाची मोटारसायकल

माझी उंची सहा फूट दोन इंच, वजन १०८ किलो. वाशीच्या शोरूममध्ये सल्ला ठरलेला, "भाईजान, साडेतीनशे सीसी घ्या, तुम्हाला शोभेल." शोभेल हो, पण बेलापूरहून वाशीपर्यंत पाम बीच रोडने रोज जायचंय ते या गुडघ्यांना.

जड गाडी म्हणजे उंच गाडी नव्हे. क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची, सीट ८०५ मिलिमीटरवर. एक्सपल्स २०० तिच्याहून पस्तीसेक किलोंनी हलकी, सीट मात्र ८२५. अर्थात सीट आणि फूटरेस्टमधलं अंतर कमी असेल, तर उंच सीटवरही पाय दुमडलेलेच राहतात.

खरी काळजी भाराची. मी, मागे बेगम, शिवाय एपीएमसीतली कांद्याची पिशवी! कमाल भाराचा आकडा बघायला हवा, तो कुणी विचारतच नाही. माझ्या जुन्या गाडीचा मागचा शॉकअप प्रत्येक गतिरोधकावर तळाला आपटायचा. तो घट्ट करता येतो, हे विकणाऱ्याने कधी सांगितलं नाही. नेरुळच्या मेकॅनिकने पाना लावून दोन खाचा फिरवल्या तेव्हा कळलं.

आता टेस्ट राईडला बेगमला मागे बसवूनच जातो. "एकट्यानेच चालवा" म्हणाले, की पुढचं शोरूम.