पदके वैमानिकांनी लाटली नाहीत



पाणबुडीविरोधी विमानांतील शौर्यपदके ‘वैमानिकांनीच लाटली’ हे गेल्या अंकातील लेखातले विधान साफ चुकीचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूशी लढताना मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकाला दोनच सन्मान मिळू शकत: व्हिक्टोरिया क्रॉस किंवा युद्ध-अहवालात नामोल्लेख. डीएफसी आणि डीएफएम ही हवाई शौर्यपदके जिवंतांसाठीच होती. २४ जून १९४४ रोजी कॅनडाच्या डेव्हिड हॉर्नेल यांनी पेटलेल्या विमानातून जर्मन पाणबुडी यू-१२२५ बुडवली. मग विमान समुद्रावर उतरवावे लागले. एकच रबरी होडी शिल्लक, माणसे आठ. आळीपाळीने थंडगार समुद्रात उतरून त्यांनी वीसहून अधिक तास काढले. दोघे अभियंते होडीतच गेले, हॉर्नेल सुटकेनंतर. वाचलेल्या पाचही जणांना पदके मिळाली, सहवैमानिकाला तर वरच्या दर्जाचा डीएसओ हा सन्मान. मेलेल्यांपैकी हॉर्नेल यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, अभियंत्यांच्या वाट्याला फक्त नामोल्लेख आला. अन्याय झाला तो नियमामुळे. हॉर्नेल यांच्यावर ठपका कशासाठी?

न्यूझीलंडच्या लॉइड ट्रिग यांचा व्हिक्टोरिया क्रॉस ‘शत्रूच्या शब्दावर’ दिला म्हणून लेखकाला तो संशयास्पद वाटतो. मला तो सर्वांत भक्कम वाटतो. ११ ऑगस्ट १९४३ रोजी पश्चिम आफ्रिकेजवळ त्यांच्या लिबरेटर विमानातील आठही जण मेले. जळते विमान माघारी न वळवता त्यांनी हल्ला पुरा केला, हे सांगितले ते बुडालेल्या यू-४६८ या जर्मन पाणबुडीच्या कप्तानाने आणि त्याच्या वाचलेल्या खलाशांनी. ज्यांची बोट बुडाली, त्यांना ट्रिग यांची स्तुती करून काय मिळणार होते?



पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

एक वाचक, सातारा