एकाचं शून्य झालं, तर काय बिघडलं?

एम-थ्रीची केटी अंगावर असताना संख्यांशी कसला खेळ मांडायचा, असं कुणीही विचारेल. तरी दोन मिनिटं द्या. नऊ एक ओळीने लिहा, १११११११११, आणि त्याचा वर्ग करा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी, विषम, पूर्ण वर्ग, आणि उलटी वाचली तरी तीच. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. अशा संख्येला 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी. डहाणूला १९०५ साली जन्मलेला, देवळालीच्या शाळेत शिकवणारा हा मास्तर. अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो' म्हटलं, तेही एका रेल्वे स्टेशनच्या नावावरून!

ही जादू मात्र नाही. गुणाकार हाताने मांडा. एकेक घर सरकलेल्या नऊ ओळी, त्यामुळे स्तंभांच्या बेरजा १, २, ३ करत ९ पर्यंत चढतात आणि उतरतात. हातचा कुठेच नाही. दहा एक घेतले की मधे हातचा येतो आणि उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१. खेळ खलास! नऊ वेळा जमलं म्हणून दहाव्यांदा जमेलच असं नाही, हे यातून जेवढं पटतं तेवढं गाईड वाचून पटत नाही.

आता हीच सतरा अंकी संख्या 'सी'मध्ये नेहमीच्या ६४ बिटी डबलमध्ये ठेवा आणि छापा. शेवटचा १ जाऊन ० येतो. कारण २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, ओलांडला की सगळ्या विषम संख्या तिथे मावत नाहीत, आणि आपली संख्या ज्या टप्प्यात आहे तिथे तर एकही नाही. विषमपणा गेला, वर्ग गेला, उलटसुलटपणा गेला. कंपायलर मात्र गप्प.

एका अंकाने काय होतंय, असं म्हणू नका. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियात धहरानला पॅट्रियट यंत्रणेला येणारं क्षेपणास्त्र अडवता आलं नाही. एक दशांश हा आकडा २४ बिटांत कापून बसवला होता. शंभर तासांत घड्याळ सुमारे ०.३४ सेकंद चुकलं. २८ सैनिक गेले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कॅल्क्युलेटर जरूर वापरा, पण उत्तर सम की विषम, ९ ने भाग जातो का, शेवटचा अंक काय असायला हवा, हे आधी डोक्यात तपासा. आणि सरांना-मॅडमना विनंती, ट्युटोरियलची पहिली दहा मिनिटं अशा एका संख्येला द्या. त्यावर मार्क नसले तरी चालतील.

आजचा होमवर्क: शेवटी शून्य आलेली ती चुकीची संख्या हर्षद आहे का? कॅल्क्युलेटर न काढता सांगा. उत्तर मेसमध्ये!