तेल लावताना

वाचकहो, गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळापेक्षा अधिक चर्चा झाली ती एका गाठीची. नरकचतुर्दशीच्या पहाटे आमची सौ. दीड वर्षाच्या नातवाला तेल लावीत होती. खांद्याच्या फऱ्याजवळ तिचा हात थबकला.

"अहो, जरा इकडे या."

मी बोट लावून पाहिले. लिंबाएवढी, मऊ गाठ. दाबली तरी पोर आपले हसतच होते.

मग काय, सल्ल्यांना तोटा नाही! गुलमंडीच्या आत्याबाईंनी बिब्ब्याचा डाग सुचविला. जवळच्या एका डॉक्टरांनी "चरबीची गाठ आहे, राहू द्या" म्हणून वाटेला लावले. सूनबाई मात्र गप्प. तिच्या मनातला शब्द घरात कोणी उच्चारीत नव्हते. "थांबून पाहू," असे मीच म्हणालो, आणि ते शहाणपण अंगाशी आले. संक्रांतीपर्यंत गाठ मोसंबीएवढी झाली.

तेव्हा कुठे घाटी गाठली. १९५६ पासून साऱ्या मराठवाड्याची भिस्त असलेले हे सरकारी रुग्णालय. सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्ची दिली.

"आजोबा, हा बहुधा लायपोब्लास्टोमा. बाळ पोटात असताना चरबीच्या पेशी घडतात. त्यांतल्या काही कच्च्याच राहतात आणि वाढत सुटतात. बहुतेक वेळा तीन वर्षांच्या आतल्या मुलांतच दिसतो."

"म्हणजे कॅन्सर?" शेवटी सूनबाईनेच विचारले.

"नाही. झपाट्याने वाढतो म्हणून भीती वाटते, पण शरीरात इतरत्र पसरत नाही. मात्र काढायचा तर मुळासकट. थोडा राहिला तर पुन्हा उगवतो. आणि खात्री होईल ती काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच."

हे नाव १९२६ साली जाफे यांनी वापरले, हे मी मागाहून वाचले. अशा गाठींत पुष्कळदा आठव्या गुणसूत्रावरील 'प्लॅग-१' या जनुकाची उलथापालथ सापडते. म्हणजे दृष्ट लागली, आईने खाऊ नये ते खाल्ले, हे सारे खोटे. सूनबाईला ते मी दोनदा वाचून दाखविले.

शस्त्रक्रियेपेक्षा अहवालाचे दिवस जड गेले. अहवालात तेच नाव आले, त्या दिवशी सूनबाई पोटभर जेवली.

गाठ परतत नाही ना, हे पाहण्यासाठी आणखी काही वर्षे तपासणी आहे. पुढची खेप संक्रांतीनंतर. आत्याबाई मात्र अजून म्हणतात, बिब्ब्याने एवढा खर्च वाचला असता!