बेने इस्रायलींची वंशकथा आणि मराठी साधने

अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून बेने इस्रायली समाज विस्तारला, ही कथा सर्वपरिचित आहे. हायिम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या व १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी इतिहासात हा प्रसंग इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराचा मानला आहे. या कालनिर्णयास समकालीन लेखी आधार नाही. शिवाय समुद्रातून वाहत आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने सजीव केल्याची चित्पावनांची उत्पत्तिकथा सह्याद्रिखंडात आहे; एकाच किनाऱ्यावरील या दोन कथांतील चौदा हा आकडा योगायोगाचा मानणे कठीण आहे. तेव्हा नवगावची कथा इतिहास म्हणून तपासण्याआधी कोकणी लोकपरंपरेतील एक आकृतिबंध म्हणून वाचली पाहिजे, आणि हे काम मराठीच्या अभ्यासकाचे आहे.

ते आजवर फारसे झालेले नाही. पूर्वजांचा शोध म्हणजे परदेशी कागद, अशी समजूत रूढ झाली आहे. कोचीनच्या एझेकिएल रहाबी यांचे १७६८ चे हॉलंडला गेलेले पत्र महत्त्वाचे आहे, यात शंका नाही; पण ‘शनवार तेली’ हे या समाजाचे नाव ठेवले ते शेजाऱ्यांनी, मराठीत. घाणा कोणत्या दिवशी बंद राहतो यावरून ते पडले. सोमवारी घाणा न चालविणारे ते ‘सोमवार तेली’. एखाद्या समाजाचे सब्बाथपालन त्याच्या शेजाऱ्यांच्या बोलीत असे नोंदले जावे, हा पुरावा क्षुल्लक नव्हे.

आडनावांचेही तसेच. केहिमकर किहीमचे, दिवेकर दिवेआगरचे, पेणकर पेणचे. मात्र येथे घाई नडते. ‘कर’ प्रत्यय फक्त गाव सांगतो, वंश सांगत नाही. दिवेकर हे आडनाव हिंदूंतही आहे. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर. एकाच माणसाची ही दोन नावे ज्याला जुळविता येत नाहीत, त्याच्या हाती मोडी कागद आला तरी त्यातला ‘सामाजी’ त्याला यहुदी म्हणून ओळखू येणार नाही.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नव्हता. इस्रायलमध्ये स्थलांतरित झालेल्या बेने इस्रायलींच्या विवाहांबाबत तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ साली निर्देश काढले. माता, मातामही व शक्य तितक्या मागील पिढ्यांची चौकशी करावी, असे त्यांत होते. ज्या गावांत विवाहांची नोंदवही ठेवण्याची रीतच नव्हती, तेथील वधूने आजीच्या आजीचा दाखला कोठून आणावा? समाजाने तीव्र आंदोलन केले, आणि १९६४ साली निर्देशांतील या समाजाचा नामोल्लेख वगळण्यात आला. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतील यहुदी व स्थानिक भारतीय असा दुहेरी वारसा आढळला. पण जनुके गाव सांगत नाहीत, आडनाव सांगत नाहीत, आणि घाणा कोणत्या वारी थांबत असे हेही सांगत नाहीत. ते अष्टागरातील मोडी दप्तरांत, १८४६ साली मुंबईत छापलेल्या मराठी हग्गादात आणि या समाजाच्या मराठी कीर्तनांत शोधावे लागेल. पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडीला जागा आहे. हग्गादा व कीर्तने यांना अद्याप नाही.