मिठाचा घसारा



मागील अंकात आपण ठेवींवरील नामनिर्देशनाचा विचार केला होता. या वेळचा विषय वरकरणी आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना परका वाटेल. परंतु आज आपल्या समाजातील कितीतरी घरांतील मुले-मुली टोरांटो, डेट्रॉईट, शिकागो अशा हिमप्रदेशांत स्थिरावली आहेत. त्यांच्या दारातील मोटारीशी आणि तिच्यात बसणाऱ्या आपल्या नातवंडांशी या विषयाचा थेट संबंध आहे. शिवाय यात माझी एक चूक आहे. ती मान्य करून टाकावी, हाही हेतू आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात होतो. त्याच्याकडे एक जुनी मोटार आहे, चार वर्षांपूर्वी दुसऱ्या हाताने घेतलेली. घेतली त्याच वर्षी त्याने मला दूरध्वनीवर विचारले होते, "अण्णा, इथे दर वर्षी गाडीला खालून तेलाचा फवारा मारून घेतात. दीडशे डॉलर घेतात. मारू का?" मी आयुष्यभर लोकांची कर्जप्रकरणे तपासलेला माणूस. अनावश्यक खर्च मला लांबून दिसतो, असा माझा समज होता. मी हसून म्हणालो, "अरे, ती गाडी आहे की लोणच्याची बरणी? तेलात कशाला बुडवायची?" त्याने ऐकले. पुढची चारही वर्षे ऐकले.

जानेवारीतल्या एका सकाळी तो नातीला बालवाडीत सोडायला निघाला. मी खिडकीत उभा होतो. गाडी उतारावरून मागे घेताना त्याने ब्रेक दाबला आणि पॅडल थेट तळाला जाऊन टेकले. हातब्रेक ओढल्यामुळे गाडी रस्त्याच्या कडेला कशीबशी थांबली. मागून बर्फ काढणारे अवजड वाहन येत होते; ते बऱ्याच अंतरावर होते म्हणून निभावले. मागच्या आसनावर नात आपल्या बाहुलीशी बोलत होती. तिला काही कळलेही नाही.

मेकॅनिकने गाडी वर उचलून मला खाली बोलावले. ब्रेकचे तेल वाहून नेणारी पोलादी नळी त्याने बोटाने दाबली आणि ती भाजलेल्या पापडासारखी चुरली. नळी बदलायला नऊशे डॉलर लागले. चार वर्षांत माझ्या सल्ल्याने सहाशे डॉलर वाचले होते. केवळ जमाखर्च पाहिला तरी तीनशेचा तोटा. आणि त्या सकाळी जे पणाला लागले होते, त्याची नोंद कोणत्याच वहीत करता येत नाही.

हे मीठ रस्त्यावर येते कोठून आणि कशासाठी? ज्यांनी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत लाकडी पॉटमध्ये आंब्याचे आइस्क्रीम केले आहे, त्यांना उत्तर ठाऊक आहे. बर्फात जाडे मीठ घातले की बर्फ वितळू लागतो आणि ते पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही. तेच तत्त्व रस्त्यावर वापरतात. ऑन्टॅरिओत ह्युरॉन सरोवराच्या काठी गोडरिच नावाचे गाव आहे. १८६६ मध्ये तेथे खनिज तेलाच्या शोधात विंधनविहीर खणताना मीठ लागले. आज सरोवराच्या तळाखाली सुमारे १८०० फुटांवर मिठाची प्रचंड खाण आहे. ती जगातील सर्वांत मोठी भूमिगत मीठखाण म्हणून ओळखली जाते. कॅनडात दर वर्षी सुमारे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडते. साधे मीठ उणे १० अंशांच्या खाली फारसे काम करीत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात; काही ठिकाणी बीटाचा रसही मिसळतात. हे ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "घरात कंदमूळ येऊ देत नाही, तर ते रस्त्यावरून चाकाला लागून येते!"

आता गंजाचा हिशेब पाहू. लोखंड, पाणी आणि प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज धरतो. मीठ त्या व्यवहारातील दलाल आहे. मिठाच्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो, त्यामुळे गंजण्याची क्रिया वेग घेते. आणि धातूवर जो सूक्ष्म संरक्षक पापुद्रा असतो, तोही क्लोराइड फोडून टाकते. शिवाय मीठ पाणी ओढून घेते. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की साधे मीठ आपोआप ओले होते. मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्केही पुरतात. म्हणजे रस्ता कोरडा झाला, सूर्य दिसला, तरी गाडीच्या पोटाखालचा सांदीकोपरा ओलाच राहतो. कोकणातील शाखेत माझी बदली झाली होती, तेव्हा समुद्राच्या वाऱ्याने खिडक्यांचे गज आणि सायकलची साखळी कशी खाल्ली जाते, ते मी रोज पाहत होतो. येथे तर मीठ वाऱ्याबरोबर नव्हे, चाकांच्या माऱ्याने थेट पत्र्यावर बसते.

एक गोष्ट मला विशेष चमत्कारिक वाटली. कडाक्याच्या थंडीत ही क्रिया मंदावते आणि उबेत वाढते. मिठाने माखलेली ओली गाडी गरम गॅरेजमध्ये आणून ठेवली, तर आपण तिची काळजी घेतो असे वाटते. प्रत्यक्षात तिथला गोठलेला चिखल वितळतो आणि गंजाला अनुकूल हवामान मिळते. गाडी धुणे जमत नसेल, तर त्या रात्री ती बाहेर थंडीत राहिलेली बरी.

उपाय कोणते? मेकॅनिकने जे सांगितले आणि नंतर चिरंजीवांनी व मी मिळून जे पडताळले, ते क्रमाने देतो.

पहिला उपाय धुण्याचा. मीठ पडण्याच्या मोसमात दर दहा-पंधरा दिवसांनी, तापमान शून्याच्या वर असलेल्या दिवशी, गाडी खालून धुऊन घ्यावी. वरचा रंग चकाकतो की नाही, याला महत्त्व नाही. चाकांवरील कमानींच्या आतील बाजू, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, पत्र्यांचे सांधे आणि ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या येथे पाणी पोहोचले पाहिजे. दारांच्या व पट्ट्यांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की आत तळे साचते. ती मोकळी ठेवावीत. वसंत ऋतू लागला की शेवटची धुलाई सर्वांत कसून करावी, कारण उरलेले मीठ उन्हाळ्याच्या उबेतच अधिक काम करते. मात्र हे सर्व घरासमोर न करता व्यावसायिक धुलाई केंद्रात करावे. घरासमोरचे पाणी बहुधा पावसाळी गटारातून थेट ओढ्यात जाते.

दुसरा उपाय लेपाचा. यात दोन मुख्य प्रकार आहेत. एक डांबरासारखा किंवा रबरी, वाळून कडक होणारा. तो दिसायला भक्कम असतो, पण कालांतराने त्याला भेगा पडतात, मीठपाणी त्यामागे शिरते आणि तेथे कोंडून राहते. वरून काळाभोर, गुळगुळीत. आतून पत्रा संपलेला. दुसरा प्रकार तेलाचा किंवा मेणाचा, जो मऊ राहतो. तेल सांध्यांत झिरपते, पाण्याला बाजूला सारते. पण ते झिजते, म्हणून दर वर्षी हिवाळ्यापूर्वी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गाडी कोरडी असताना पुन्हा मारावे लागते. एक-दोन दिवस खाली ठिबकते, तेवढी तयारी ठेवावी. ब्रेकच्या चकत्यांवर आणि धुराच्या नळीवर ते उडता कामा नये, म्हणून अनुभवी हातानेच करून घ्यावे. काही लेपांत लॅनोलिन असते. ते मेंढीच्या लोकरीतून काढलेले स्निग्ध द्रव्य आहे. ज्यांना ते वर्ज्य वाटते त्यांनी आधी विचारून खनिज तेलाचा लेप घ्यावा. विजेवर चालणारी छोटी गंजरोधक पेटीही विकली जाते. जहाजांना आणि जमिनीत पुरलेल्या नळांना ते तत्त्व उपयोगी पडते, कारण ती सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात. हवेत धावणाऱ्या मोटारीसाठी मी त्यावर पैसे घालणार नाही.

तिसरा उपाय पाहण्याचा. वर्षातून एकदा तरी गाडी उचलून ब्रेकच्या नळ्या डोळ्यांनी पाहून घ्याव्यात. जुनी गाडी विकत घेताना तर आधी खाली वाकावे, मग आतली आसने पाहावीत. हे आम्ही उलट्या क्रमाने केले होते.

एव्हाना माझ्या ध्यानात आले होते की मी चेष्टेने उच्चारलेली लोणच्याची बरणी हेच या प्रश्नाचे उत्तर होते. बरणीत तेलाचा थर वर राहतो तो हवेला आत येऊ न देण्यासाठी. तेच तेल पत्र्यावर करते. (लोणच्याच्या अभक्ष्यतेचा विचार करणाऱ्या वाचकांनी ते येथे केवळ उपमेपुरते क्षम्य मानावे.)

आपल्या तत्त्वविचारात आस्रव, बंध, संवर आणि निर्जरा हा क्रम आहे. प्रवचनांत नावेचा दृष्टांत आपण ऐकतोच: छिद्रातून पाणी येते तो आस्रव, छिद्र बुजवणे हा संवर, साचलेले उपसणे ही निर्जरा. मिठाचा प्रवाह येणे, पत्र्याशी चिकटणे, लेपाने अडवणे आणि धुऊन काढणे यांची सांगड त्याच्याशी सहज बसते. पण गाडीखाली उभा असताना मला जाणवली ती निराळीच गोष्ट. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. माझ्या मनात नातीला इजा करण्याचा विचार स्वप्नातही नव्हता. तरी मी एका विषयाची माहिती न घेता अधिकारवाणीने सल्ला दिला, आणि काटकसर या चांगल्या नावाखाली तो चार वर्षे टिकवला. त्याला प्रमादाखेरीज दुसरे नाव नाही. वडीलधाऱ्यांचा शब्द मुले आजही मानतात. म्हणूनच तो तोलून द्यावा लागतो.

आणखी एक बाजू आहे. गाडी वाचली तरी मीठ नष्ट होत नाही. वितळलेल्या बर्फाबरोबर ते ओढ्यांत, तळ्यांत आणि भूजलात जाते. क्लोराइडचे विघटन होत नाही, ते साठतच जाते. कॅनडा सरकारच्या २००१ च्या मूल्यमापनात रस्त्यावरचे मीठ पर्यावरणास हानिकारक ठरले आणि २००४ मध्ये त्याच्या वापरासाठी आचारसंहिता आली. तेथील मार्गदर्शक प्रमाणानुसार जलचरांसाठी दीर्घकाळ लिटरमागे १२० मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्लोराइड धोक्याचे मानतात. सरकारी रस्ते आपल्या हाती नसले, तरी घरासमोरची वाट आपली आहे. बर्फ पडताच फावड्याने काढावा, मग लागेल तेवढेच मीठ टाकावे. कॉफीच्या एका मोठ्या पेल्याइतके मीठ वीस फुटी वाटेला पुरते. लोक मात्र पिशवीच ओततात. फार थंडीत मीठ टाकण्याऐवजी वाळू टाकावी, म्हणजे पाय घसरत नाही. गेल्या हिवाळ्यात ते फावडे सकाळी माझ्या हाती होते. वयाला झेपेल तेवढेच, हे सांगायला नको.

बँकेत आम्ही यंत्रसामग्रीवर दर वर्षी ठरावीक टक्क्याने घसारा लिहीत असू. कागदावरचा घसारा शिस्तीने, वर्षाअखेरीस येतो. मिठाचा घसारा तसा येत नाही. तो दिसत नाही अशा जागी चालू असतो आणि एके सकाळी सगळी बाकी एकदम मागतो. ऑक्टोबर जवळ आला आहे. हिमप्रदेशातील आपल्या मुलांना या आठवड्यात दूरध्वनी कराल तेव्हा एवढे विचारा: "गाडी खालून कधी पाहिलीस?" मी यंदा तोच प्रश्न विचारला. चिरंजीव हसून म्हणाले, "अण्णा, बरणीत तेल घालून झाले."

पुढील अंकी भेटूच. जय जिनेंद्र.