खरखर कुणाची? कॅसेटची की टेपची?

रोह्याच्या एक भगिनी विचारतात, "आईच्या जात्यावरच्या ओव्यांची जुनी कॅसेट लावली, तर आवाज अगदी दबका येतो. कॅसेट वाया गेली का हो?"

ताई, एवढ्यात आशा सोडू नका! फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल, तर मात्र ती मुळीच लावू नका. कोकणातल्या दमट हवेत हे फार होते. बुरशी नसेल, तर आधी त्याच टेपवर दुसरी, खराब झाली तरी चालेल अशी कॅसेट लावा. तीही दबकीच वाजली तर दोष टेपचा. बहुधा हेडवर मळ बसलेला असतो. प्लग काढून, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने तो हलकेच पुसा. सूर हेलकावत असेल तर रबरी पट्टा सैल झाला असेल. ते काम मेकॅनिकचे.

दुसरी कॅसेट स्वच्छ वाजली, तर आईची कॅसेट पेणला कुणा नातलगांच्या चांगल्या टेपवर लावून बघा. तिथेही त्याच ओळीला तीच खरखर आली, तर ती फितीतच आहे. महागडा स्पीकर आणून ती जायची नाही, उलट जास्तच ऐकू येईल! (दुकानदार हे कशाला सांगेल?) बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्यांचेच बघा ना. १९२५ पूर्वी तबकड्यांसाठी मायक्रोफोन नव्हता, भोंग्यासमोर गावे लागे. जे तेव्हा उतरलेच नाही, ते आज कुठून यावे?

नीट वाजली की त्याच दिवशी ओव्या मोबाइलवर उतरवून घ्या. आणि हो, चुकून कुणी वरून रेकॉर्ड करू नये म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेची दोन्ही प्लॅस्टिकची पाती मोडून टाका.