आमच्या घरचा शब्दकोश

घरात बोलायचे शब्द घरातच ठेवावेत, चारचौघांत आणू नयेत, असे आम्हा विद्यार्थ्यांना वारंवार सांगितले जाते. हा उपदेश मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी आमचे घर. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात आमचे गाव. दसरा-दिवाळी झाली की माय आणि अण्णा ऊसतोडीला जातात. कधी सांगलीकडे, कधी कोल्हापूरकडे, एका वर्षी तर थेट बेळगावकडे. पाच-सहा महिने तिकडे कोपीत राहायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. मागे आजी, मी आणि धाकटा भाऊ. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. साहजिकच आमचे निम्मे शब्द उसाच्या फडातून आले. पण उंबरा ओलांडताना त्यांनी अर्थ बदलले, हीच खरी गंमत आहे.

कारखान्याचा हंगाम संपला की 'पट्टा पडला' म्हणतात. आमच्याकडे काहीही संपले तरी पट्टाच पडतो. परीक्षा संपली, बरणीतले तेल संपले, भाऊ रडता रडता झोपी गेला की पडला पट्टा! हंगामाआधी मुकादम मजुराला आगाऊ रक्कम देतो, ती 'उचल'. आमच्याकडे नैवेद्य दाखवण्याआधी जो पोळीचा तुकडा तोंडात टाकतो त्याने 'उचल घेतली' असे होते, आणि ती फेडायला रात्रीची भांडी त्याने घासायची. कामाला दांडी म्हणजे 'खाडा', त्याचे पैसे कापले जातात. आजी मात्र जेवणाचे खाडे मोजते. "सकाळपासून दोन खाडे झाले तुझे, बस आता ताटावर!" फडावर गाड्यांच्या चिठ्ठ्या फाडणारा कारखान्याचा माणूस म्हणजे 'चिटबॉय'. वाण्याचा हिशेब मला लिहिता येऊ लागला, तेव्हापासून मुलगी असूनही घरातली चिटबॉय मीच.

एक शब्द मात्र फडातला नाही. निघायच्या आदल्या रात्री माय मूठभर ज्वारी फडक्यात बांधून खुंटीला अडकवते. परत आल्यावर पहिल्या दळणात ती मूठ पडते. हा विधी कोणत्या पोथीत नाही, गावात दुसऱ्या कोणाकडे नाही. विचारले तर माय म्हणते, "घराला ठावं असावं, आपण माघारी येणार हाय ते." ते बांधताना माय मला "परत येते" म्हणायची आणि मी अडीच वर्षांची पोर 'पतेते, पतेते' म्हणत रडायचे. तेव्हापासून त्या गाठोड्याचे नाव पतेते. पुढे निरोपाचा शब्दही तोच झाला; आजही अण्णा फडातून फोन करतात तेव्हा शेवटी 'पतेते' म्हणूनच फोन ठेवतात. एकदा उंदराने ते फडके कुरतडले होते. आजीने रातोरात दुसरे बांधले आणि मायला सांगायचे नाही, अशी आम्हा दोघांना ताकीद दिली. मायला वाचता येत नाही, पण भाऊ हा अंक वाचून दाखवील अशी मला धास्ती आहे!

तुम्ही म्हणाल, चार माणसांच्या या बोलण्याला भाषा कोण म्हणेल? पण बांगडी फुटली तर ती 'वाढली', घरातले तांदूळ संपले तर ते 'वाढले', दुकान बंद करायचे तर ते 'वाढवायचे', असे किती घरांतून बोलतात! रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात. अशुभ तोंडावाटे निघू नये म्हणून कोणा एकाच्या ओसरीवर सुरू झालेला हा खेळच असला पाहिजे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. ते चाळताना शेतातले, चुलीपुढचे, गोठ्यातले शब्द पानोपानी भेटतात. घरच्या शब्दात आणि कोशातल्या शब्दात मला तरी एवढाच फरक दिसतो, की एक थोड्या घरांत बोलला जातो आणि दुसरा पुष्कळ घरांत. माझ्या मैत्रिणीचे वडील एस.टी.त कंडक्टर आहेत. त्यांच्याकडे ताटे वाढून झाली की त्या 'डबल बेल' देतात, मगच पहिला घास. उद्या ही डबल बेल शंभर घरांत गेली तर?

अर्थात घरचे म्हणून सगळेच शब्द गोड, असेही नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', एकटा माणूस 'अर्धा कोयता'. माणसे हत्यारावर मोजायची! मला सोळावे लागले तेव्हा नात्यातल्या एकीने मायला विचारले, "हिचा कोयता कधी करताय?" माय गप्प राहिली. आजी मात्र चुलीपुढून म्हणाली, "तिच्या शाळंचा पट्टा पडायचाय अजून." पाहुणीला उत्तर सुचले नाही आणि पुन्हा तो विषय निघाला नाही. ज्या फडाने मला कोयत्यात मोजले, त्याच फडाच्या शब्दाने आजीने मला वाचवले. तेव्हा हे शब्द अशुद्ध आहेत, टाकून द्या, असे कोणी म्हटले की मला राग येतो. कोणता टाकायचा आणि कोणता ठेवायचा, ते आमचे आम्हाला कळते.

परीक्षेत प्रमाण मराठी लिहावी लागते, ते मला मान्य आहे आणि मी ती मनापासून शिकते. माझी तक्रार वेगळी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्हाला अभिमान वाटला. पण आमच्या वसतिगृहातल्या कित्येक मुली घरचा फोन आला की अजूनही जिन्यात जाऊन बोलतात. गुपित असते म्हणून नव्हे, घरचे बोलणे कोणाच्या कानी पडू नये म्हणून.

संपादक मंडळाला एक सूचना करते. पुढच्या अंकात दोन पाने राखून ठेवावीत आणि ज्याने त्याने आपल्या घरचे शब्द अर्थासह द्यावेत. माझ्या वहीत एक्केचाळीस तयार आहेत.